निराधार योजनेला ज्यांचं नाव, ते संजय गांधी गेले कसे?

बँकेसमोर महिन्याच्या महिन्याला रांग लागते. विधवा बाया, दिव्यांग, कुणाचा आधार नसलेली माणसं. काय काम काढलं म्हणून विचारलं की सांगतात, संजय गांधीचा पगार जमा झालाय का ते बघायचंय. पण हे संजय गांधी कोण, हे फॉर्म भरून देणाऱ्या पोरांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. २३ जून हा त्यांचा स्मृतिदिन, म्हणून ही माहिती.

संजय गांधी हे पंतप्रधान इंदिरा गांधींचे धाकटे चिरंजीव. जन्म १४ डिसेंबर १९४६. पुस्तकापेक्षा यंत्राचा नाद जास्त. इंग्लंडला जाऊन रोल्स रॉइस कंपनीत मोटारीचं काम शिकले. परत आल्यावर स्वस्त देशी मोटार काढायची म्हणून मारुती कंपनी उभी केली. जमीन मिळाली, परवाना मिळाला, पण त्यांच्या हयातीत ती गाडी काही बाजारात आली नाही.

१९७५ ला आणीबाणी लागली. सरकारात कुठलंही पद नसताना त्यांचा शब्द चालायला लागला. आमच्याकडची जुनी माणसं आजही त्या काळाला नसबंदीचा काळ म्हणतात. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांच्या वर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकांवर जबरदस्ती झाली. दिल्लीत तुर्कमान गेटजवळची घरं पाडली, गोळीबार झाला, माणसं मेली. लोकांनी १९७७ ला मतपेटीतून हिशेब चुकता केला. अमेठीत संजय गांधी स्वतः पडले. पण तीनच वर्षांत वारं फिरलं. १९८० ला तिथूनच निवडून आले, आई पुन्हा पंतप्रधान झाल्या.

विमानाची त्यांना भारी आवड. मोठे भाऊ राजीव इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक होते, संजय हौसेने उडवायचे. कुर्ता-पायजमा आणि पायात कोल्हापुरी चप्पल, असेच विमानात बसायचे असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. दिल्ली फ्लाइंग क्लबकडे तेव्हा पिट्स एस-२ए नावाचं छोटं विमान नवीन आलं होतं. दोन माणसांचं, एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं, खास हवेतल्या कसरतींसाठी बनवलेलं.

२३ जून १९८०, सोमवार. सकाळी आठच्या सुमारास सफदरजंग विमानतळावरून त्यांनी उड्डाण केलं. सोबत क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना होते. खाली दिल्लीची वस्ती, आणि वर विमान गोल कोलांट्या घेत होतं. अशा कोलांटीत विमान वर जातं, उलटं होतं आणि नाक खाली करून वेगाने उतरतं. तिथून परत सरळ व्हायला खाली मोकळी उंची शिल्लक लागते. उतारावर भरलेली ट्रॉली सुटली तर ब्रेक दाबला तरी जागच्या जागी थांबत नाही, तसंच हे. उंची कमी असली की विमान सावरायच्या आत जमीन येते. त्या दिवशी तेच झालं. विमान घरापासून जवळच, डिप्लोमॅटिक एन्क्लेव्ह भागात कोसळलं. दोघेही ठार झाले.

संजय गांधींचं वय ३३. मुलगा वरुण जेमतेम तीन महिन्यांचा. पत्नी मेनका ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुढे राजीव गांधींना विमान सोडून राजकारणात यावं लागलं, आणि १९८१ ला ते अमेठीतून खासदार झाले. मारुतीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे संजय यांच्या वाढदिवशीच, ग्राहकाला दिली. चावी इंदिरा गांधींनी दिली.

आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला आणि निराधार योजनेला त्यांचं नाव लागलं. ज्यांच्या नावाने गावोगावची माणसं नसबंदीच्या भीतीने रानात पळायची, त्याच नावावर आज विधवेच्या खात्यात पैसे येतात.

कॅप्टन सक्सेनांच्या नावाची मात्र कुठे आठवण निघत नाही. विमानात माणसं दोन होती. पुढच्या महिन्यात रांगेत कुणी विचारलं, तर दोघांचीही नावं सांगा.