डोळे गेले, पण हिशोब थांबला नाही: सीएनसी मशीनमागचं गणित मांडणारे ऑयलर

सीएनसी मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. गोल प्लेटवर सहा सारख्या खाचा पाडायच्या असतील, तर प्रोग्राम सहा वेळा लिहावा लागत नाही. एका खाचेचा प्रोग्राम लिहायचा, ‘जी ६८’ कोड द्यायचा आणि दर वेळी अक्ष ६० अंशांनी फिरवायचे. तोच आकार दुप्पट हवा असेल तर ‘जी ५१’. बाकीचा हिशोब मशीन करतं.

संख्यांच्या आज्ञेवर चालणारी पहिली मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५२ साली लोकांना दाखवली गेली. पण हा हिशोब त्याच्या २०० वर्षं आधीच एका माणसाने पुस्तकात मांडला होता. पुढे त्याच माणसाचे दोन्ही डोळे गेले. त्यांचं नाव लेओनार्ड ऑयलर.

पाद्र्याचा मुलगा

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला. वडील पाद्री होते आणि मुलानेही पाद्री व्हावं अशी त्यांची इच्छा होती. त्याच शहरात योहान बर्नुली हे मोठे गणिती राहत. रोज शिकवायला त्यांना वेळ नव्हता, पण पुस्तकात अडलेलं विचारायला दर शनिवारी दुपारी यायची परवानगी त्यांनी ऑयलर यांना दिली. हा मुलगा वेगळा आहे हे त्यांनी ओळखलं आणि वडिलांची समजूत घातली.

१७२७ मध्ये, विशीत, ऑयलर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाले. १७३४ मध्ये लग्न झालं. १३ मुलं झाली, त्यातली पाचच जगली. १७३८ च्या सुमारास आजारपणात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या बोलावण्यावरून ते बर्लिनला गेले.

अक्ष फिरवले तर?

बर्लिनमध्ये असतानाच, १७४८ मध्ये, त्यांचा ‘इंट्रोडक्शिओ’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. बिंदूची जागा आकड्यांनी सांगायची पद्धत देकार्तने शतकभर आधी रूढ केली होती. ऑयलर यांनी पुढचा प्रश्न घेतला. वक्र तोच ठेवून अक्ष सरकवले किंवा फिरवले, तर आकडे कसे बदलतील?

उत्तर साइन आणि कोसाइनमध्ये आहे. समजा, एक बिंदू केंद्रापासून एक्स अक्षावर १०० मिलिमीटरवर आहे. तो ३० अंशांनी फिरवला, की एक्स होतो ८६.६०३ आणि वाय होतो ५०. ‘जी ६८’ दिल्यावर मशीनचा कंट्रोलर प्रत्येक बिंदूसाठी हेच करतो.

त्याच ग्रंथात आकार मोठा-लहान करण्यावरही एक प्रकरण आहे. दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण लावलं तर आकृती समरूप राहते. वेगवेगळं लावलं तर वर्तुळाची लंबवर्तुळ होते. म्हणूनच एक्स आणि वायला निरनिराळं प्रमाण देताना प्रोग्राममध्ये कंस असेल, तर जाणता प्रोग्रामर दहादा विचार करतो.

ऑयलर यांनी हेच गणित तीन कोन वापरून अवकाशातही नेलं. आज पाच अक्षांच्या मशीनवर तिरकं प्रतल सांगताना जे कोन द्यावे लागतात, त्यांना ‘ऑयलर कोन’ म्हणतात.

राजाची टिंगल, घराला आग

फ्रेडरिकला दरबारात हजरजबाबी माणसं आवडत. ऑयलर साधे आणि देवभीरू. त्यांच्या एका डोळ्यावरून राजा टिंगल करी. २५ वर्षं बर्लिनमध्ये काढल्यावर, १७६६ मध्ये, ते सम्राज्ञी कॅथरीनच्या बोलावण्यावरून सेंट पीटर्सबर्गला परतले.

तिथे डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये घराला आग लागली. जवळपास अंध झालेल्या ऑयलर यांना बाझलच्याच पेटर ग्रिम नावाच्या कारागिराने खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. बहुतेक हस्तलिखितंही वाचली. त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसलं, मग जखम चिघळली आणि दृष्टी कायमची गेली.

एखाद्याने तिथेच हात टेकले असते. ऑयलर डोक्यात हिशोब करत, पाटीवर खडूने मोठी अक्षरं काढत आणि मुलांना, शिष्यांना मजकूर सांगत. त्यांच्या एकूण लेखनाचा जवळपास निम्मा भाग या शेवटच्या वर्षांतला आहे. एक बिंदू स्थिर ठेवून वस्तू कितीही वेळा, कशीही फिरवली, तरी शेवटची स्थिती एकाच अक्षाभोवती एकदा फिरवून मिळते, हे त्यांनी १७७५ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा त्यांना स्वतः काढलेली आकृतीही दिसत नव्हती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांनी नातवंडाला शिकवलं, युरेनसच्या कक्षेवर सहकाऱ्याशी चर्चा केली आणि त्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचं निधन झालं. वय ७६. पाटीवर हवेत उडणाऱ्या बलूनचा हिशोब होता.

वर्कशॉपशी त्यांचं आणखी एक नातं आहे. गिअरच्या दातांना इन्व्होल्यूट वक्राचा आकार द्यावा, हेही ऑयलर यांनीच सुचवलं होतं. आज बहुतेक गिअर त्याच आकाराचे असतात. म्हणजे सीएनसीवर गिअर कापला जातो, तेव्हा मशीनच्या हिशोबातही ऑयलर असतात आणि कापलेल्या दातातही.