चेंडू केव्हा सोडावा हे शिकविणारा शिक्षक

बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावी शाळेच्या पटांगणावर फुटबॉल पडला की काय होते, हे शिक्षकांना सांगावयास नको. ज्याच्या पायाशी चेंडू येतो तो मान खाली घालून धावत सुटतो. उरलेली सारी मुले त्याच्या मागे धावतात. तो अडखळला की चेंडू दुसऱ्याचा होतो आणि तीच धावपळ उलट दिशेने सुरू होते. यात उत्साह उदंड असतो, खेळ मात्र फारसा नसतो. चेंडू घेऊन धावणे ही केवळ पायांची करामत नसून ती विचाराची गोष्ट आहे, हे भारतीय फुटबॉलला ज्याने शिकविले तो मूळचा एक शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नाव.

रहीम यांचा जन्म 1909 साली हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण केला. बीबी ज्या लोणार तालुक्यात आहे त्याच्या शेजारचा मराठवाडा 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्याचा भाग होता. तेव्हा रहीम यांची कहाणी या मुलखाला परकी नाही. ते स्वतः चांगले खेळत. परंतु त्यांची खरी बुद्धी दिसली ती शिकविण्यात. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी असा घडविला की, मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक त्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला.

त्यांच्या पद्धतीचे मर्म काय होते? त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी खेळवीत प्रतिस्पर्ध्यांना चकविणे हीच खेळाची परमावधी मानली जाई. प्रेक्षक त्यावरच लुब्ध होत. रहीम यांनी ही हौस उपदेशाने मोडण्याऐवजी नियमच बदलून पाहिला. चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, अशाही स्पर्धा घेतल्या. उजव्या पायावर विसंबणाऱ्या मुलाचा डावा पाय त्यामुळे आपोआप तयार होई. आणि चेंडू जवळ ठेवता येत नाही म्हटल्यावर तो येण्यापूर्वीच कोणता सोबती मोकळा आहे, हे मान वर करून पाहणे भाग पडे. शिक्षणशास्त्राचे जाडे ग्रंथ जे सांगतात ते त्यांनी मैदानावर करून दाखविले: विद्यार्थ्याचा दोष बोलून दाखविण्यापेक्षा तो दोष चालणारच नाही, अशी परिस्थिती निर्माण करणे अधिक फलदायी ठरते.

याचा अर्थ रहीम यांना चेंडू घेऊन धावणारा खेळाडू नको होता, असा मात्र नव्हे. चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम यांच्यासारखे कसबी खेळाडू त्यांच्याच हाताखाली चमकले. समोर मोकळे मैदान असेल तर चेंडू पुढे ढकलून वेगाने धावावे. गर्दी असेल तर तो सोडावा, कारण कोणत्याही माणसापेक्षा चेंडू अधिक वेगाने धावतो. धावण्याचा हक्क ज्याला सोडणे कळते त्यालाच, हा त्यांच्या शिकवणीचा इत्यर्थ होता.

ही शिकवण सुखासुखी रुजली नाही. 1951 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला नमवून सुवर्णपदक मिळविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. दुसरा एखादा प्रशिक्षक अशा नामुष्कीने खचला असता. रहीम यांनी मात्र त्यातून धडा घेतला आणि चारच वर्षांत मेलबर्नला निराळा संघ उभा केला. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 असे हरविले. त्या सामन्यात गोव्याच्या मातीतला आणि मुंबईत नावारूपाला आलेला नेव्हिल डिसूझा याने तीन गोल केले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई संघ ठरला आणि अखेरीस त्याला चौथे स्थान मिळाले.

1962 साली जाकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा रहीम यांच्या फुप्फुसाला कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरविले. इस्राएल आणि तैवान यांना वगळण्यावरून एका भारतीय क्रीडा-अधिकाऱ्याने घेतलेल्या आक्षेपामुळे तेथील लोकमत भारतावर रुष्ट होते आणि अंतिम सामन्यात सुमारे लाखभर प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत होते. अशा वेळी रहीम यांनी डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला आघाडीवर खेळविले. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले, त्याच दक्षिण कोरियाला भारताने 2-1 असे हरविले आणि सुवर्णपदक मिळाले. पुढल्या वर्षी, 11 जून 1963 रोजी, रहीम निवर्तले. त्यानंतर फुटबॉलचे आशियाई सुवर्णपदक भारताकडे पुन्हा आलेले नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो 1985 साली. तोवर या द्रोणाचार्याला जाऊन बावीस वर्षे लोटली होती.

रहीम यांचे चरित्र केवळ क्रीडाप्रेमींनी वाचावयाचे नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला देऊन टाकण्याची आपल्या शाळांतून रीतच पडली आहे. साधने नाहीत, मैदान नाही, निधी नाही, ही कारणे खोटी नव्हेत. परंतु दुबळ्या पायाने खेळण्याच्या नियमाला कोणता निधी लागतो? मुलांनी चेंडू पायाशी आला की लगेच सोबत्याकडे द्यावा, एवढे सांगण्यास कोणती साधने हवीत? एक चेंडू, एक पटांगण आणि विचार करणारा एक शिक्षक एवढ्यावर बीबीच्या शाळेतही तो प्रयोग उद्या सुरू करता येईल. त्यातून ऑलिंपिकचा खेळाडू निघेलच असे नाही. पण मान वर करून सोबत्याकडे पाहणारा आणि योग्य वेळी आपल्या हातचे दुसऱ्याला देणारा नागरिक निघाला, तरी तो तास वाया गेला असे कोणी म्हणू शकणार नाही.