पूज्य साने गुरुजी : अद्वैत जगलेला शिक्षक

खानदेशच्या यात्रेस निघालेला भाविक अमळनेरास आला म्हणजे श्रीमंगळग्रह देवतेचे दर्शन घेतो, बोरी नदीच्या काठी श्रीसंत सखाराम महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होतो आणि पुढील मुक्कामाला निघतो. वैशाखात येथे मोठी यात्रा भरते. आषाढीस महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते. अशा या संतभूमीत एका शिक्षकाने सहा वर्षे मुलांना शिकविले आणि पुढे त्याच पंढरीच्या दारात आपले प्राण पणाला लावले. पूज्य साने गुरुजींचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, परंतु त्यांच्या जीवनाला आकार देणारी भूमी खानदेश होय, याचे स्मरण अनेकांस नसते. भाविकांस ते व्हावे, म्हणून हा अल्प परिचय.

जन्म आणि मातृसंस्कार

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी घरात संपन्नता होती, परंतु पांडुरंगाच्या बालपणीच घराला दारिद्र्याने ग्रासले. वडील सदाशिवराव मानी व देशभक्त, तर आई यशोदा अत्यंत सोशिक आणि धर्मपरायण. या मातेने मुलाला धर्म पोथीतून शिकविला नाही. घरातल्या आणि अंगणातल्या साध्या प्रसंगांतून शिकविला. स्नानानंतर पायाला माती लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला, मनालाही तसाच मळ लागू देऊ नये, हे तिने समजाविले.

अशाच एका प्रसंगी डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडल्याने एक वृद्ध स्त्री रस्त्यात अडून बसली होती. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील असल्याने कोणी हात लावीना. आईने मुलाला मोळी उचलून देण्यास पाठविले. रूढीप्रमाणे स्नान करणे भाग असेल तर ते घरी येऊन करता येईल, पण म्हातारीचे ओझे आधी उचलले पाहिजे, असा त्या माउलीचा न्याय होता. रूढी एकदम मोडण्याचे बळ त्या काळच्या गरीब गृहिणीपाशी नव्हते. पण दया आधी आणि आचार नंतर, हा क्रम तिने मुलाच्या मनावर कायमचा कोरला.

शिक्षणासाठी पांडुरंगाला दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. अनेकदा अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. १९१७ मध्ये ते शिकण्यासाठी दूर असतानाच आईने देह ठेवला आणि अंतकाळी तिची भेट झाली नाही. ही खंत त्यांना जन्मभर पुरली.

तत्त्वज्ञान मंदिर ते शाळा

अमळनेरचे दानशूर गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली होती. अद्वैत वेदान्ताचा सखोल अभ्यास व्हावा, देशभरातील विद्वानांनी येथे येऊन राहावे, चिंतन करावे, हा त्यामागील हेतू. एका व्यापारी गृहस्थाने आपले धन तत्त्वचिंतनासाठी द्यावे, हे दानाचे दुर्मीळ उदाहरण होय. बी.ए. झाल्यावर तरुण साने तत्त्वज्ञानाचा पुढील अभ्यास करण्यासाठी याच संस्थेत आले व त्यांनी एम.ए.ची पदवी संपादन केली.

परंतु केवळ ग्रंथचर्चेत त्यांचे मन रमले नाही. सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा आहे, हे सिद्ध करणारे युक्तिवाद त्यांनी वाचले; मात्र तो आत्मा समोरच्या माणसात पाहायचा कसा, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. जून १९२४ मध्ये ते गावातीलच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. तत्त्वज्ञान मंदिरापासून शाळेच्या वर्गापर्यंतचे अंतर थोडे होते. गुरुजींच्या जीवनात मात्र ते पाऊल फार मोठे ठरले.

छात्रालयातील सहा वर्षे

शाळेला जोडून छात्रालय होते. आसपासच्या खेड्यापाड्यांतून आलेली, आई-वडिलांपासून प्रथमच दूर राहणारी मुले तेथे राहत. गुरुजींकडे छात्रालयाचे काम आले तेव्हा त्यांनी शिस्तीसाठी छडी हाती घेतली नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे नीट घालून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन वाळत घालीत, खरकटी राहिलेली भांडी घासून ठेवीत. मुले परत येऊन पाहत, तो सारे जागच्या जागी. आरंभी मुलांना आश्चर्य वाटे, मग संकोच वाटू लागला आणि अखेरीस तीच मुले आपली कामे आपण करू लागली. कोणी आजारी पडले तर गुरुजी रात्र रात्र उशाशी बसत.

मुलांना सांगावयाचे ते गुरुजी लिहूनही सांगत. छात्रालयासाठी ते स्वहस्ते एक दैनिक लिहीत. त्यात जगातील थोर पुरुषांची चरित्रे, देशातील घडामोडी, निसर्गाची वर्णने आणि मुलांच्या वागण्यातील उणिवांविषयी हळुवार सूचना असत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले.

मूल्यशिक्षण हा शब्द आज शाळाशाळांतून ऐकू येतो. त्यासाठी पुस्तके निघतात, तासिका ठेवल्या जातात. गुरुजींच्या काळी हा शब्द रूढ नव्हता. परंतु स्वच्छता, श्रम, सेवा आणि प्रेम ही मूल्ये मुलांत उतरावयाची तर ती आधी शिक्षकाच्या हातांत दिसली पाहिजेत, हे त्यांनी अमळनेरच्या छात्रालयात दाखवून दिले. ज्या अद्वैताची चर्चा त्यांनी तत्त्वज्ञान मंदिरात ऐकली, त्याचा पहिला आचार त्यांच्या हातून येथे घडला.

धुळ्याच्या तुरुंगातील गीता

१९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि गुरुजींनी शाळेचा राजीनामा देऊन त्यात उडी घेतली. प्रथम धुळे आणि नंतर दक्षिणेतील त्रिचनापल्ली येथे त्यांना कारावास भोगावा लागला. त्रिचनापल्लीस निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रही एकत्र आले होते. तेथे गुरुजी तमिळ शिकले. पुढे त्यांनी तिरुवळ्ळुवर यांच्या 'कुरल' या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. भारतीयांनी परस्परांच्या भाषा शिकून एकमेकांना ओळखावे, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना याच सहवासातून अंकुरली.

१९३२ मध्ये पुन्हा अटक होऊन ते धुळ्याच्या तुरुंगात आले. योगायोगाने आचार्य विनोबा भावेही तेथेच होते. कैद्यांच्या आग्रहावरून विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर, अशी एकूण १८ प्रवचने दिली. ती सारी गुरुजींनी ऐकता ऐकता भरभर लिहून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून पुढे अनेक भारतीय भाषांत गेलेला ग्रंथ तो हाच. बोलणारे विनोबा आणि टिपून घेणारे साने गुरुजी, असा हा संगम खानदेशच्या भूमीत झाला. पांझरेच्या काठी श्रीएकवीरा देवीच्या दर्शनास धुळ्याला जाणाऱ्या भाविकांनी या गोष्टीचे अवश्य स्मरण करावे.

पुढे नाशिकच्या तुरुंगात असताना, फेब्रुवारी १९३३ मध्ये, गुरुजींनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. अवघ्या ५ दिवसांत 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. 'भारतीय संस्कृती' या त्यांच्या ग्रंथाचा आरंभही अद्वैताच्या विवेचनानेच होतो. आपल्या संस्कृतीचा पाया अद्वैत हा असेल तर समाजातील उच्चनीचता त्या पायावर कशी उभी राहू शकते, हा प्रश्न गुरुजींना आता स्वस्थ बसू देईना.

पंढरीचे दार

पंढरपूरचा पांडुरंग हे अवघ्या महाराष्ट्राचे आराध्य दैवत. गुरुजींचे नावही पांडुरंगच. परंतु त्या दैवताच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. विठ्ठलाचे परमभक्त संत चोखामेळा यांची समाधी महाद्वारापाशी, मंदिराबाहेर आहे. शतकानुशतके त्यांच्या समाजातील वारकरी त्या पायरीपर्यंतच येत आणि कळसाला हात जोडून परत फिरत. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी मोठा सत्याग्रह झाला होता. तो अनेक वर्षे चालला, तरी दार उघडले नव्हते.

स्वातंत्र्य उंबरठ्याशी आले असता देवाचे दार बंद राहावे, ही गोष्ट गुरुजींना असह्य झाली. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण करण्याचा संकल्प त्यांनी १९४६ मध्ये जाहीर केला. आधी लोकमत जागे करावे, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरल्यावर त्यांनी उपोषण पुढे ढकलले आणि महाराष्ट्रभर दौरा काढला. सेनापती बापट यांच्यासारखे वडीलधारे आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण त्यांच्यासोबत होते. गावोगावी सभा झाल्या. अनेक गावांनी आपली मंदिरे आणि पाणवठे सर्वांसाठी खुले केले. पंढरीचे दार मात्र उघडले नाही.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ केला. विरोध करणाऱ्यांत परंपरा मोडली तर धर्म बुडेल, असे मनापासून मानणारे कितीतरी श्रद्धाळू लोक होते. खुद्द महात्मा गांधींनाही प्रारंभी हे उपोषण योग्य वाटले नव्हते. ज्यांच्या शब्दावर गुरुजींनी नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्यांचीच संमती नसताना निश्चयावर उभे राहणे ही त्यांची कठीण परीक्षा होती. तरीही त्यांच्या मनात कोणाविषयी कटुता नव्हती. गणेश वासुदेव मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिराच्या सेवाधाऱ्यांनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० दिवसांनी, १० मे रोजी, उपोषणाची सांगता झाली. चोखोबांच्या पायरीशी थांबणाऱ्या भाविकांना विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली.

अखेरची वर्षे

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्या आघाताने गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा त्यांच्या वयाला ५१ वे वर्ष सुरू होते. मागे त्यांनी इस्टेट ठेवली नाही. ठेविली ती विपुल ग्रंथसंपदा आणि त्यांनी घडविलेली माणसे. पालगडचे त्यांचे जन्मघर व रायगड जिल्ह्यातील वडघर येथील राष्ट्रीय स्मारक त्यांची स्मृती जपत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचेच नाव देण्यात आले होते.

भाविकांसाठी

आज आपण कोणत्याही मंदिरात निःशंकपणे प्रवेश करतो, रांगेत उभे राहतो, देवासमोर हात जोडतो. पुढे कोण, मागे कोण, हे कोणी विचारीत नाही. हे सहज घडलेले नाही. त्यासाठी अनेकांनी अपमान सोसले, मार खाल्ला, आणि खानदेशातील एका शिक्षकाने आपला देह पणाला लावला. देवस्थानांची सेवा करणाऱ्या आम्हां सर्वांनाही त्यांचे चरित्र जबाबदारीची जाणीव करून देते. मंदिराचे वैभव कळसाच्या उंचीवर जोखण्याआधी, दारात आलेल्या प्रत्येकाला तेथे मानाने वागविले जाते की नाही, हे पाहिले पाहिजे.

दानशूर भाविकांनीही एवढे ध्यानी घ्यावे. प्रतापशेठ यांच्या दानातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि गुरुजींच्या सेवेतून ते तत्त्वज्ञान मुलांच्या जीवनात उतरले. धन आणि श्रम या दोहोंची जोड मिळते तेव्हाच विद्यादान पूर्ण होते. गावाकडून शिकावयास आलेल्या एखाद्या मुलाची फी भरणे हे पुण्यकर्म आहेच. त्याच्याजवळ घटकाभर बसून त्याची विचारपूस करणे हेही तितकेच मोठे पुण्य होय.

अमळनेरच्या यात्रेत देवदर्शन झाल्यावर थोडा वेळ काढून तत्त्वज्ञान मंदिर आणि प्रताप हायस्कूल या वास्तू अवश्य पाहाव्यात. लहान मुले सोबत असतील तर मोळीची ती गोष्ट त्यांना जरूर सांगावी. आणि परतीच्या वाटेवर कोणाचे ओझे खाली पडलेले दिसले, तर ते उचलून द्यावे.