केरीचा कप अडला की मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलावणं जायचं, त्यांनी एकदोन नाही ८ वेळा कप जिंकून दिला

संघ हरला की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? कोचवर. क्रिकेट असो, फुटबॉल असो, नियम ठरलेला. खेळाडू पंधरा, पण घरी जाणार एकटा माणूस.

आयर्लंडमध्ये तर दरवर्षी सीझन संपला की हाच विषय पेटलेला असतो. तिथं दोन देशी खेळ आहेत, गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. गेलिक फुटबॉलमध्ये बॉल हातानं पण खेळतात आणि पायानं पण. हर्लिंगमध्ये लाकडी काठी असते. दोन्हीकडं १५ खेळाडूंचा संघ. बॉल जाळ्यात गेला की ३ गुण, गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला की साधारणपणे १ गुण. संघ काउंटीचे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचे. आयर्लंड बेटावर अशा ३२ काउंट्या आहेत.

आणि गंमत म्हणजे या खेळात खेळाडूंना पगार नाही. माणूस आठवडाभर शाळेत शिकवतो, शेतात राबतो, बँकेत बसतो आणि रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्कवर फायनल खेळतो.

साहजिकच संघाचा मॅनेजर कोण हा जिल्ह्याच्या इज्जतीचा प्रश्न होतो. कुणी टिकतं, कुणाला काढलं जातं, कुणाला परत बोलावलं जातं. हर्लिंगमध्ये किलकेनीचे ब्रायन कोडी २४ सीझन टिकले आणि त्यांनी ११ वेळा ऑल आयर्लंड जिंकली. फुटबॉलमध्ये केरीचे जॅक ओ'कॉनर तीनदा आले, दोनदा गेले आणि ५ वेळा जिंकले.

पण या येण्याजाण्याची सगळ्यात भारी गोष्ट घडली तेव्हा मॅनेजर नावाचं पदच नव्हतं. ती गोष्ट आहे एका मानसोपचारतज्ज्ञाची. नाव डॉ. एमन ओ'सलिव्हन.

डॉक्टरांचा जन्म १८९६ चा, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या केरी काउंटीतला. खेळ घरातच होता. वडील जे. पी. ओ'सलिव्हन त्या काळातले नावाजलेले अ‍ॅथलीट आणि लॉन रेंजर्स या संघाचे कॅप्टन. त्यांच्याच नेतृत्वात हा संघ केरीकडून ऑल आयर्लंडच्या फायनलपर्यंत गेला होता. तिथं डब्लिनच्या संघानं त्यांना हरवलं.

पोरगा मात्र डॉक्टरकीकडं वळला. शिकता शिकता त्याचा फुटबॉलकडं बघण्याचा डोळा वेगळा झाला. कोण किती जोरात पळतो यापेक्षा कोण कुठं उभा आहे हे त्याला महत्त्वाचं वाटायचं.

१९२४ साल उजाडलं तेव्हा केरीची अवस्था बिकट होती. शेवटचा कप येऊन १० वर्षं झाली होती. त्यात १९२२-२३ चं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. इंग्रजांशी केलेला करार मानणारे एका बाजूला, न मानणारे दुसऱ्या बाजूला. केरीत या युद्धाची झळ फार भयानक होती. भावाभावांत रक्त सांडलेलं.

आणि संघात दोन्ही बाजूंचे लोक. कॉन ब्रॉस्नन सरकारी सैन्यातला अधिकारी, तर जॉन जो शीही सरकारविरुद्ध लढलेला. वर्षभरापूर्वी हे दोघं एकमेकांवर बंदूक रोखून होते. आता एकाच रंगाची जर्सी घालून एकमेकांना पास द्यायचा होता.

या संघाच्या तयारीची जबाबदारी आली तिशीही न गाठलेल्या एमन ओ'सलिव्हन यांच्यावर. १९२४ ची फायनल प्रत्यक्षात एप्रिल १९२५ मध्ये झाली. समोर सलग तीन वर्षं कप जिंकलेला डब्लिन. केरीनं ४ गुण केले, डब्लिननं ३. एका गुणानं १० वर्षांचा दुष्काळ संपला. दोन वर्षांनी, १९२६ ला किल्डेअरविरुद्धची फायनल बरोबरीत सुटली, मग परत खेळवली आणि केरीनं दुसरा कप नेला. त्या वर्षी कॅप्टन होता शीही.

तेव्हा डॉक्टरांचं पद होतं ट्रेनर. संघ निवडायला निवडकर्त्यांची समिती असायची. ट्रेनरनं यायचं, फायनलआधी संघ घडवायचा आणि परत आपल्या कामाला जायचं. त्यामुळं कोणी आला, कोणी गेला याची आजच्यासारखी बातमी व्हायची नाही.

डॉक्टरांचं काम होतं किलार्नीच्या मनोरुग्णालयात. पुढं ते तिथले प्रमुख झाले.

तो काळ असा होता की मनोरुग्णालय म्हणजे उंच भिंती आणि कुलपं. आत गेलेला माणूस बाहेर येईलच याची खात्री नाही. दिवसभर करायला काही नाही. डॉक्टरांचं म्हणणं होतं की माणसाला हाताला काम द्या, काहीतरी उभं राहताना बघू द्या, तो सुधारेल. आज याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. आयर्लंडमध्ये ती सुरू करणाऱ्या पहिल्या लोकांत डॉक्टरांचं नाव घेतलं जातं. १९५५ साली त्यांनी यावर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा प्रयोग पुस्तकात नाही, जमिनीवर आहे.

केरीचा जुना कॅप्टन डिक फिट्झगेराल्ड १९३० मध्ये वारला. १९१३ आणि १९१४ चे कप त्याच्याच नेतृत्वात आले होते. त्याच्या नावानं किलार्नीत स्टेडियम बांधायचं ठरलं. जागा मिळाली मनोरुग्णालयाला लागून, उताराची. काम पुढं रेटणाऱ्यांत डॉक्टर आघाडीवर होते. त्यांनी उतार फोडायला, माती वाहायला, मैदान सपाट करायला रुग्णालयातल्या रुग्णांना सोबत घेतलं.

आजच्या नजरेनं बघितलं तर यावर प्रश्न विचारता येतात. रुग्णांची मर्जी विचारली होती का, त्यांच्या घामाचं मोल काय? हे प्रश्न रास्तच आहेत. पण कुलपाआड बसवून ठेवणं हाच ज्या काळात उपचार होता, त्या काळात रुग्णांच्या हातात फावडं देऊन त्यांना उघड्यावर आणणं ही उलटी चाल होती. ३१ मे १९३६ ला फिट्झगेराल्ड स्टेडियमचं उद्घाटन झालं. समोर डोंगररांगा असलेलं हे मैदान आजही केरीचं घर आहे.

आता परत फुटबॉलकडं येऊ. डॉक्टरांच्या यशाचा हिशोब मांडला तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. १९३२ नंतर केरीला कप मिळाला नव्हता. १९३७ ला डॉक्टरांनी तयार केलेल्या संघानं कॅव्हनला रिप्लेमध्ये हरवलं. १९४१ नंतर परत खंड पडला. १९४६ ला परत डॉक्टर. त्या फायनलमध्ये रॉसकॉमन ६ गुणांनी पुढं होता आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. केरीनं दोन गोल ठोकून सामना बरोबरीत आणला आणि रिप्ले जिंकला. मग सात वर्षं कोरडी गेली. १९५३ ला आर्मावर विजय, ट्रेनर तेच.

ते नेमकं करायचे काय? एक म्हणजे सगळ्यांना एकत्र ठेवायचे. फायनलआधी खेळाडू कामधंदा सोडून किलार्नीत मुक्कामाला. व्यायाम, जेवण, झोप, सराव, सगळं ठरलेल्या वेळेला.

दुसरं म्हणजे जागा. प्रत्येक खेळाडूचा मैदानातला पट्टा ठरलेला. आपल्या पट्ट्यात बॉल आला तर उडी मारून पकडायचा आणि लांब किक मारायची. दुसऱ्याच्या पट्ट्यात लुडबुड करायची नाही. बॉल घेऊन उगाच पळायचं नाही. ही पद्धत त्यांनी १९५८ मध्ये आकृत्यांसकट पुस्तकात मांडली.

१९५४ ला मात्र संघटनेनं एकत्र मुक्कामाच्या शिबिरांवर बंदी घातली. खेळ हौशी आहे, पंधरा-पंधरा दिवस कामधंदा बुडवून शिबिरं भरवली तर तो व्यावसायिक होईल, अशी भीती होती. डॉक्टरांचं मोठं हत्यार गेलं.

आणि पुढच्याच वर्षी समोर आला डब्लिन. १९५५ ची ही फायनल आजही आयर्लंडमध्ये सांगितली जाते. डब्लिनचा फुल फॉरवर्ड केव्हिन हेफर्नन आपल्या जागेवर उभाच राहायचा नाही. तो भटकायचा, बचाव करणारा त्याच्या मागं धावायचा आणि मधे मोकळी जागा तयार व्हायची. याच चालीनं डब्लिननं तगड्या मीथला लोळवलं होतं. हाच खेळ पुढचा आहे, केरीचा खेळ जुना झाला, अशी चर्चा होती.

डॉक्टरांनी आपली पद्धत बदलली नाही. केरी ०-१२, डब्लिन १-६. म्हणजे १२ विरुद्ध ९ गुण. जुना खेळ जिंकला.

१९५७ ला वॉटरफर्डसारख्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघानं केरीला हरवून सगळ्यांची झोप उडवली. दोन वर्षांनी, १९५९ ला केरीनं गॉलवेला हरवून कप नेला. ट्रेनर कोण, हे सांगायची गरज नाही. १९६२ ला रॉसकॉमनविरुद्ध पहिल्याच मिनिटात गोल करून केरी जिंकली. आयर्लंडमध्ये टीव्हीवर थेट दिसलेली ही पहिली फुटबॉल फायनल. डॉक्टर तेव्हा साठी ओलांडून पुढं गेले होते. हा त्यांचा आठवा कप.

१९२४ ते १९६२ या काळात केरीनं एकूण १५ कप जिंकले. त्यातले ८ डॉक्टरांच्या नावावर, ७ त्यांच्याशिवाय. म्हणजे माणूस बदलला की कप येतो एवढं सोपं गणित तेव्हाही नव्हतं. केरीकडं खेळाडूच एकापेक्षा एक होते. पण दुष्काळ फोडायची वेळ आली की पुन्हा पुन्हा त्याच माणसाचं नाव समोर आलं, हेही खरं.

१९६६ मध्ये डॉक्टरांचं निधन झालं. त्यानंतर खेळ बदलला आणि तो बदलणारे दोघंही १९५० च्या दशकातले होते.

एक होता १९५५ ला हरलेला हेफर्नन. तो पराभव त्याच्या मनातून गेला नाही. १९७३ ला त्यानं डब्लिनची सूत्रं हातात घेतली, १९७४ ला कप जिंकला आणि १९७६ च्या फायनलमध्ये केरीला हरवलं. समितीऐवजी एका माणसानं संघ चालवायचा, त्यालाच श्रेय आणि त्यालाच शिव्या, ही आजची मॅनेजरची पद्धत तिथून रुळली.

दुसरा होता मिक ओ'ड्वायर. १९५९ आणि १९६२ ला डॉक्टरांच्याच संघातून खेळलेला. तो केरीचा मॅनेजर झाला आणि त्यानं ठरलेल्या पट्ट्यात उभं राहायचा नियम गुंडाळून ठेवला. त्याची पोरं मैदानभर पळायची, हातानं छोटे पास द्यायची. १९७५ ते १९८६ या काळात त्यानं कप जिंकले किती? बरोबर ८. डॉक्टरांइतकेच.

गुरूची पद्धत मोडून शिष्यानं गुरूच्या आकड्याशी बरोबरी केली. फरक इतकाच की ओ'ड्वायरच्या येण्याजाण्याच्या हेडलाईन झाल्या. डॉक्टर मात्र फायनल झाली की सोमवारी परत रुग्णालयात जायचे. तिथले पेशंट त्यांची वाट बघत असायचे.