शत्रूच्या भेटीला जाणारा पाद्री

इटलीतील महायुद्ध म्हटले की आम्हा मराठी कॅडेट्सना नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी तेथे लढताना त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी त्याच देशात एक माणूस शस्त्राशिवाय लढत होता. एका शनिवारी शाळेच्या सभागृहात ‘द स्कार्लेट अँड द ब्लॅक’ हा १९८३ सालचा दूरचित्रवाणीपट दाखवला, तेव्हा मला तो कळला.

ह्यू ओफ्लाहर्टी यांचा जन्म १८९८ साली आयर्लंडमध्ये झाला. वडील गोल्फ क्लबमध्ये नोकरीला, त्यामुळे ह्यू उत्तम गोल्फ खेळत. १९२५ साली ते पाद्री झाले आणि व्हॅटिकनच्या सेवेत राहिले. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांचे मित्र इंग्रजांच्या फौजेकडून मारले गेले होते. इंग्रजांविषयी त्यांच्या मनात राग होता.

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतले. इटलीच्या छावण्यांतून निसटलेले युद्धकैदी आसरा शोधत होते, त्यांत इंग्रजही होते. ओफ्लाहर्टी यांनी राग बाजूला ठेवला. घरे, मठ, भाड्याच्या खोल्या, मिळेल तिथे त्यांनी सैनिकांना आणि ज्यूंना लपवले. ब्रिटिश मेजर सॅम डेरी त्यांचे सहकारी झाले. सुमारे ६,५०० जण या जाळ्यामुळे वाचले.

रोममधील एसएसचा प्रमुख हर्बर्ट काप्लर त्यांच्या मागावर होता. सेंट पीटर चौकाच्या तोंडाशी जर्मनांनी पांढरी रेघ आखली होती. ती ओलांडली की अटक! तरीही ओफ्लाहर्टी वेष बदलून बाहेर पडत. एकदा छापा पडला, तेव्हा अंगाला कोळसा फासून ते कोळसेवाल्याच्या रूपात निसटले. याच काप्लरने २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतीनेच्या खाणीत ३३५ जणांची हत्या घडवून आणली.

४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झाले. पुढे काप्लरला जन्मठेप झाली. गाएताच्या तुरुंगात त्याला भेटायला नियमाने जाणारा माणूस म्हणजे ओफ्लाहर्टी! १९५९ साली त्यांच्याच हातून काप्लरने कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली. शिक्षा मात्र माफ झाली नाही. ओफ्लाहर्टी १९६३ साली वारले.

त्या रात्री मला झोप लागेना. रेघ ओलांडणारे धैर्य मला समजत होते, आम्हाला तेच शिकवतात. पण ३३५ जणांच्या मारेकऱ्यासमोर जाऊन बसायचे? मला ते जमले नसते. गेल्या वर्षी आंतरसदन हॉकीच्या अंतिम सामन्यात एका मुलाची स्टिक माझ्या भुवईवर बसली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याचा गुन्हा तो केवढा!

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पहिला शब्द काढायला अडथळा-शर्यतीतील भिंतीपेक्षा जड गेले.

जय हिंद!