वाल, नीरा आणि मोजमापाची शिस्त : कमला सोहोनी

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कित्येक घरांत बिरड्याची तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग डाळिंब्या शिजवायच्या. कच्चे वाल कोणी खात नाही. कच्च्या वालात पचनाला अडथळा करणारे नेमके काय असते आणि किती असते, हे प्रयोगशाळेत मोजणाऱ्यांमध्ये डॉ. कमला सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतील नामवंत लेखिका झाली. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि वडील-काकांच्याच संस्थेत अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि माघार घ्यायला तयार झाल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते आणि कामाबद्दल रामन यांची खात्री पटल्यावरच ते ग्राह्य धरले जाणार होते. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. मात्र ते वर्ष त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या कडक मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करण्यात घालवले. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स तेथे होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ आढळला. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते, त्या क्रियेत तो लागतो. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते.

दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम करून, १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या आणि पुढे तेथील संचालकही झाल्या. त्यांनी संशोधनासाठी निवडलेले विषय घराघरांतले होते. डाळी, कडधान्ये, तांदळाचे पीठ, ताडगूळ, नीरा. गरिबाच्या ताटात जे पडते त्यातून अंगी काय लागते, हा त्यांचा प्रश्न होता.

वालाचेच पाहू. प्रथिने पचवण्यासाठी शरीर ट्रिप्सिन नावाचे विकर तयार करते. प्रयोगशाळेत दुधातले केसीन घेऊन त्यावर ट्रिप्सिन सोडतात आणि ठरावीक वेळात किती केसीन पचले ते मोजतात. मग त्यातच वालाचा अर्क मिसळून पुन्हा मोजतात. पचन जितके घटले, तितका रोधक पदार्थ वालात आहे. हा रोधक उष्णतेने बराचसा निकामी होतो, म्हणून कडधान्य नीट शिजवणे महत्त्वाचे. प्रथिनांचा आकडा कागदावर कितीही मोठा असला, तरी ते पचले नाही तर उपयोग काय, हे या मोजणीने दाखवले.

नीरेचे काम अधिक अवघड. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरसह, ताडाची झाडे भरपूर आणि आदिवासी पाड्यांवर कुपोषणही जुनेच. नीरा सूर्योदयापूर्वी उतरवावी लागते, ऊन चढले की ती आंबून ताडी होते. त्यातले क जीवनसत्त्व हवा आणि उष्णतेने झपाट्याने घटते. म्हणून नमुना लगेच आम्लात घेतात आणि त्यात इंडोफिनॉल नावाचा रंग थेंबाथेंबाने सोडतात. जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर रंग नाहीसा होतो. गुलाबी छटा टिकली की थांबायचे. किती थेंब लागले, त्यावरून प्रमाण निघते. नमुना तासभर तसाच राहिला, तर आकडा चुकीचा येतो.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले होते. नीरेत आणि ताडगुळात लोह व जीवनसत्त्वे आहेत आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींच्या आहारात त्यांची भर घातल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अर्थात नीरेत साखरही पुष्कळ असते, तेव्हा मधुमेहींनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या सक्रिय होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहिले. मुलांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकेही लिहिली.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज दुकानातल्या अनेक पाकिटांवर शंभर ग्रॅममागे अमुक इतके प्रथिन, तमुक इतके जीवनसत्त्व असे छापलेले असते. तो आकडा मिळवायला कोणीतरी नमुना वेळेत घेऊन, पुन्हा पुन्हा मोजून खात्री केलेली असावी लागते. आणि अन्न नीट साठवले व शिजवले, तरच त्यातले पोषण ताटापर्यंत पोहोचते. कमलाबाईंच्या कामातून घरी न्यावे ते हेच.