पडद्यावरचा ‘वाल्डो’, मंडळीचा पाळक : डार्वुड स्मिथ यांचे जीवन

अमेरिकेतील चित्रगृहांत १९३०च्या दशकात मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी ‘अवर गँग’ या मालिकेतील विनोदी लघुपट दाखवले जात. गल्लीतील खोडकर मुलांच्या या टोळीत एक मुलगा वेगळा उठून दिसे. नीटनेटके कपडे, डोळ्यांवर चष्मा, श्रीमंत घर आणि पुस्तकी बोलणे असलेल्या या मुलाचे नाव वाल्डो. ही भूमिका करणाऱ्या बालकलाकाराचे पडद्यावरील नाव डार्वुड के आणि खरे नाव डार्वुड केनेथ स्मिथ. वयाच्या अकराव्या वर्षी वाल्डोची भूमिका संपली. पुढील आयुष्य त्यांनी ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून घालवले आणि त्यातील चौदा वर्षे थायलंडमध्ये मिशनरी म्हणून काम केले.

स्मिथ यांचा जन्म ८ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे झाला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीचा काळ सुरू झाला. मंदीच्या त्या वर्षांत स्वस्त तिकिटात दोन घटका हसवणारा सिनेमा हा सामान्य अमेरिकन कुटुंबाचा मोठा विरंगुळा होता. शर्ली टेंपल या चिमुरडीच्या यशानंतर तर आपल्या मुलाला चित्रपटात संधी मिळावी, या आशेने असंख्य पालक हॉलिवूडची वाट धरू लागले होते. डार्वुड यांना ती संधी १९३७ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी मिळाली.

‘अवर गँग’ ही मालिका निर्माते हॅल रोच यांनी १९२२ मध्ये मूकपटांच्या काळात सुरू केली होती. मुलांकडून मोठ्यांसारखा अभिनय करवून न घेता त्यांना मुलांसारखेच वागू द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकाच टोळीत बरोबरीने खेळताना दिसणे, ही त्या काळच्या अमेरिकेत सहज आढळणारी गोष्ट नव्हती. मालिकेतील ‘बोअर्ड ऑफ एज्युकेशन’ या १९३६ च्या लघुपटाला ऑस्कर पुरस्कारही मिळाला. डार्वुड या टोळीत आले तेव्हा मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर होती. स्पँकी, अल्फाल्फा, बकव्हीट आणि डार्ला ही नावे घराघरात पोहोचली होती.

वाल्डो हा या टोळीचा पूर्ण सदस्य कधीच नव्हता. अल्फाल्फा आणि डार्ला यांच्या बालसुलभ प्रेमात अडथळा आणणारा सभ्य प्रतिस्पर्धी, हे त्याचे मुख्य काम. ‘थ्री मेन इन अ टब’ या १९३८ च्या लघुपटात वाल्डो आपल्या मोटारबोटीतून डार्लाला फिरवतो आणि अल्फाल्फा मित्रांच्या मदतीने घरच्या घरी बनवलेली होडी घेऊन त्याच्याशी शर्यत लावतो. त्याच वर्षीच्या ‘पार्टी फीव्हर’मध्ये अल्फाल्फा आणि दांडगा बुच हे दोघे बाल-महापौर होण्यासाठी जिवाचे रान करतात आणि अखेर निवडून येतो तो वाल्डो. मारामारी न करता, आवाज न चढवता जिंकणारा मुलगा, असा त्याचा विनोद होता. पुढे अनेक देशांतील विनोदी मालिकांत दिसणाऱ्या चष्मिष्ट, हुशार मुलाच्या पात्राचे एक सुरुवातीचे रूप म्हणून वाल्डोकडे पाहता येते.

१९३८ मध्ये रोच यांनी ही मालिका एमजीएम कंपनीला विकली. प्रत्येकी दहा-अकरा मिनिटांच्या या लघुपटांचे काम ठरलेल्या पद्धतीने चाले. चित्रीकरणाच्या जागीच मुलांची शाळा भरे, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार त्यांचे शिक्षण चालू ठेवणे बंधनकारक होते. त्यांच्या कमाईला मात्र तोपर्यंत असे संरक्षण नव्हते. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’मधील प्रसिद्ध बालकलाकार जॅकी कूगन याने मोठा झाल्यावर १९३८ मध्ये आपल्याच आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा दाखल केला, तेव्हा लहानपणीच्या कमाईपैकी फारच थोडा भाग शिल्लक असल्याचे उघड झाले. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या उत्पन्नाचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद करणारा कायदा आला. डार्वुड यांची चित्रपटांतील वर्षे नेमकी याच काळातील होती.

‘वाल्डोज लास्ट स्टँड’ हा १९४० चा लघुपट त्यांच्या या भूमिकेचा निरोप ठरला. वाल्डोच्या सरबताच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून सगळी टोळी नाचगाण्याचा मोठा कार्यक्रम उभा करते. परंतु समोर बसलेला एकुलता एक प्रेक्षक काही केल्या सरबत विकत घेत नाही, असे त्याचे कथानक आहे. ज्याच्याशी आजवर स्पर्धा केली त्याच वाल्डोसाठी टोळी राबते, ही त्यातील गंमत. यानंतर काही चित्रपटांत त्यांना किरकोळ भूमिका मिळाल्या. मात्र किशोरवयात चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध संपला.

बालकलाकाराच्या आयुष्यातील खरी कसोटी बहुधा येथूनच सुरू होते. चेहरा बदलतो, आवाज फुटतो आणि ज्या गुणांसाठी कौतुक होत होते ते गुणच नाहीसे होतात. ‘अवर गँग’मधील काही मुलांचे पुढचे आयुष्य दुःखद ठरले. अल्फाल्फाची भूमिका करणारा कार्ल स्वित्झर १९५९ मध्ये पन्नास डॉलरच्या वादातून गोळी लागून वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावला. फ्रॉगी म्हणून ओळखला जाणारा बिली लाफलिन १९४८ मध्ये सोळाव्या वर्षी रस्त्यावरील अपघातात गेला. डार्ला हूड यांचे १९७९ मध्ये ४७ व्या वर्षी निधन झाले. अशा घटनांमुळे या मालिकेला शाप असल्याची आख्यायिका अमेरिकेत रूढ झाली.

स्मिथ यांनी निराळा मार्ग धरला. काही काळ अमेरिकी सैन्यात सेवा केल्यानंतर ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे पाळक झाले. १८६३ मध्ये अमेरिकेत औपचारिकरीत्या स्थापन झालेला हा प्रोटेस्टंट पंथ शनिवार हा शब्बाथ म्हणून पाळतो आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनावर विशेष भर देतो. आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांत त्याचे काम जगभर पसरले आहे. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची असल्याने महाराष्ट्रालाही त्याची ओळख आहे.

या निवडीला आणखी एक पैलू होता. नाटक-सिनेमापासून सदस्यांनी दूर राहावे, असा या पंथाचा जुना कटाक्ष होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बऱ्यापैकी कडक पाळला जाई. ज्या चित्रगृहांत वाल्डोला पाहून प्रेक्षक हसले, तेथे जाणेच श्रद्धावंतांसाठी अयोग्य मानणाऱ्या मंडळीत स्मिथ यांना उपदेशकाचे काम करायचे होते. पडद्यावर मिळालेली प्रसिद्धी तेथे फारशी उपयोगाची नव्हती. पाळकाची पत ठरते ती आजाऱ्याच्या घरी जाण्यावरून, विवाह आणि अंत्यविधीच्या प्रसंगी दिलेल्या साथीवरून, आणि वर्षानुवर्षे लोकांमध्ये राहण्यावरून.

थायलंडमधील चौदा वर्षांत तर जुन्या ओळखीचा प्रश्नच उरला नाही. बहुसंख्य बौद्ध असलेल्या या देशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अत्यल्प आहे. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे तेथील काम रुग्णसेवेशी निगडित होते. बँकॉकमधील त्यांचे मिशन रुग्णालय १९३७ मध्ये, म्हणजे डार्वुड टोळीत आले त्याच वर्षी सुरू झाले होते. परक्या भाषेच्या आणि परक्या चालीरीतींच्या देशात स्मिथ यांनी उमेदीचा मोठा काळ दिला. त्यानंतर कॅलिफोर्नियात परतून त्यांनी तेथील मंडळ्यांचे पाळक म्हणून सेवा केली.

दरम्यान, अमेरिकेत वाल्डो पुन्हा घराघरात पोहोचला होता. रोच यांच्या काळातील लघुपट १९५५ पासून ‘द लिटल रास्कल्स’ या नावाने दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले आणि मुलांच्या नव्या पिढ्या त्यांवर वाढल्या. या पुनःप्रक्षेपणांचे मानधन त्यांतील बालकलाकारांना मिळत नसे. प्रसिद्धी मात्र परत आली आणि ‘अवर गँग’च्या चाहत्यांनी जुन्या कलाकारांची आठवण ठेवली.

१५ मे २००२ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे पदपथावरून चालत असताना एका वाहनाने धडक दिल्याने स्मिथ यांचा मृत्यू झाला. वाहनचालक न थांबता निघून गेला. त्या वेळी ते ७२ वर्षांचे होते. या अपघातामुळे कथित शापाच्या यादीत त्यांचेही नाव घातले जाते. परंतु या मालिकेत १९२२ ते १९४४ या काळात काम केलेल्या मुलांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी अनेकांनी शांत, कष्टाचे आयुष्य काढले. अशा आयुष्यांची बातमी होत नाही. स्मिथ वाल्डो म्हणून पडद्यावर होते ते जेमतेम चार वर्षे. मंडळीची सेवा त्यांनी त्याच्या कितीतरी पट अधिक काळ केली.